आयात फीडर नको, माडाचा पत्रा पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२० मार्चच्या जागतिक चिमणी दिनाच्या सुमारास ठिकठिकाणी पक्ष्यांसाठी धान्याचे फीडर वाटले जातात आणि थोड्याच दिवसांत ‘सगळे धान्य खारीच फस्त करतात’ अशी तक्रार सुरू होते. मग लोक ऑनलाइन ‘स्क्विरल प्रूफ’, म्हणजे खारीला धान्य मिळू न देणारे, फीडर मागवतात. ते पैसे पाण्यात जातात. का, ते सांगण्यासाठी हे पत्र.

हे फीडर अमेरिका-इंग्लंडातल्या करड्या खारीसाठी बनवलेले असतात. ती खार साधारण अर्धा किलो भरते. तिचा भार पडला की स्प्रिंग दबते आणि धान्याची खिडकी बंद होते. आपली पट्टेवाली खार भरते सुमारे शंभर ग्रॅम. तेवढ्याने ती स्प्रिंग हलतही नाही. स्प्रिंग हलकी करावी, तर चिमणी पंचवीस-तीस ग्रॅमची. चार चिमण्या एकदम दांडीवर बसल्या की वजन खारीएवढे होते आणि खिडकी त्यांच्याच तोंडावर बंद होते. जाळीच्या पिंजऱ्यातल्या फीडरचेही तेच. मोठ्या खारीला अडवणाऱ्या जाळीतून आपली खार अंग चोरून आत शिरते. चिमणीपुरते भोक ठेवावे, तर ते खारीलाही पुरते. त्या पिंजऱ्याने कबुतरे मात्र थांबतात, एवढा उपयोग आहे.

खरा उपाय आपल्या कोकणात आहे. उंदीर आणि खारी चढू नयेत म्हणून माडाच्या खोडाला सहा-सात फुटांवर हातभर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळतात. पत्र्यावर नखे रुतत नाहीत. पण शेजारच्या माडाची एक झावळी जरी टेकली, तरी तो पत्रा असून नसल्यासारखाच. फीडरचे तंत्र याहून वेगळे नाही: खालून चढता येऊ नये आणि बाजूने किंवा वरून उडी मारता येऊ नये.

आठ फूट लांबीचा एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप घ्यावा. दीड फूट जमिनीत काँक्रीटमध्ये पुरावा, वरच्या टोकाला धान्याचा ट्रे बसवावा. २६ गेजच्या जीआय पत्र्यातून ६० सेंमी व्यासाची चकती कापावी आणि तिच्या मधोमध ५ सेंमी व्यासाचे भोक पाडावे. मग चकतीचा एक चतुर्थांश भाग काढून टाकावा. मात्र एका कडेला जोडासाठी अडीच सेंमी पत्रा जास्तीचा ठेवावा. दोन्ही कडा एकमेकींवर आणून रिव्हेट मारले की सुमारे ४५ सेंमी रुंद आणि १८ सेंमी उंच छत्री तयार होते. वरचे भोक पावणेचार सेंमीचे राहते आणि पाइपवर सैलसर बसते. ते तसेच हवे. भोकाखाली पाइपवर होज क्लिप (स्क्रूने आवळायची धातूची पट्टी) आवळून छत्री तिच्यावर नुसती टेकवावी. घट्ट बसवलेल्या छत्रीपेक्षा डुलणारी जास्त कामाची, कारण खारीला पाय रोवायला आधार मिळत नाही. छत्रीची खालची कड जमिनीपासून साडेचार फुटांवर असावी आणि ती आत मुडपलेली असावी. धारदार कडेने खार किंवा पक्षी जखमी होता कामा नये.

एवढे करूनही फसते ते जागेमुळे. खांबापासून आठ फुटांच्या आत झाड, भिंत, कुंडीचा स्टँड, कपड्यांची दोरी, केबल यांतले काहीही नको. डोक्यावर फांदी तर नकोच नको. पावसाळ्यात महिन्याभरात फांद्या आणि वेली पुढे सरकतात, म्हणून तेव्हा पाहणी जास्त करावी. पत्रा गंजून खरखरीत झाला की नखे धरतात, तो बदलावा. नायलॉनची दोरी आणि प्लास्टिकच्या बाटलीचे फीडर खार कुरतडते. तिचे पुढचे दात सतत वाढत असतात, ती कुरतडणारच.

पाइपला ग्रीस मात्र कृपा करून कोणी लावू नये. ते पिसांना चिकटले की निघत नाही, पक्ष्याला धड उडता येत नाही आणि अंगाची ऊबही टिकत नाही. चिकट सापळे आणि विष यांचा तर विचारही नको. विषारी दाणे चिमण्याही टिपतात. धान्याला तिखट लावण्याचा सल्ला शास्त्राला धरून आहे. मिरचीचा दाह सस्तन प्राण्यांना जाणवतो, पक्ष्यांना नाही. पोपट मिरच्या खातो तो म्हणूनच. पण उघड्या ट्रेमधली पूड वाऱ्याने माणसांच्या डोळ्यांत जाते, म्हणून आमची त्याला पसंती नाही.

धान्यही विचार करून घालावे. शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया म्हणजे खारीला आमंत्रण. बाजरी, राळा किंवा तांदळाची कणी, तीही सकाळी दोन मोठे चमचे, उन्हे चढेपर्यंत संपेल एवढीच. उरलेले काढून घ्यावे. खाली सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. भिजलेल्या बाजरीला बुरशी लागते. पावसाळ्यात बाहेर खायला पुष्कळ असते, तेव्हा फीडर बंद ठेवला तरी चालतो. चिमण्यांची घरटी फीडरजवळ टांगू नयेत. धान्यासाठी आलेली खार प्रसंगी अंडी आणि पिल्लेही खाते.

फ्लॅटच्या गॅलरीत आठ फूट अंतर मिळत नाही आणि ग्रिलवरून खार येतेच, हे विक्रेत्यांनी गिऱ्हाइकाला आधीच सांगायला हवे. तिथे फीडर न टांगता मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवावे आणि ते रोज बदलावे. फीडर वाटणाऱ्या संस्थांना विनंती, की फीडरसोबत छत्रीची मापे आणि आठ फुटांची अट छापून द्यावी. जमल्यास पत्राही कापून द्यावा. पत्रेकाम करणारा कुठलाही कारागीर हे काम सहज करून देईल.

आपले नम्र,
परसबागेत पक्षी पाहणारे काही वाचक, रत्नागिरी