कामं एकमेकांत बसवण्याविषयी: कराडच्या मित्रास पत्र

सांगली,
सप्टेंबरअखेर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. नोकरी सोडून स्वतःचं दुकान टाकलंस, कामं चिकार आहेत, पैसाही बरा येतोय, पण शटर ओढताना दिवसभरात काय केलं ते धड सांगता येत नाही, असं लिहिलंयस. सकाळी कुणाचा पंखा, मग इन्व्हर्टर, मध्येच रिवाइंडिंगला, म्हणजे जळकी तार काढून नवी भरायला, आलेली मोटार, संध्याकाळी वायरिंगचा फॉल्ट, आणि सगळंच अर्धवट. म्हणून आता एकच काम धरायचं म्हणतोस. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर लिहितो.

आपल्या पट्ट्यात एका कामावर वर्ष निघत नाही. फेब्रुवारी-मार्चला हळद शिजवून वाळली की पॉलिशच्या ड्रमच्या मोटारी येतात, त्याच दिवसांत तासगावकडं बेदाण्याचे शेड चालू असतात. उसाच्या हंगामात तुझ्याकडं गुऱ्हाळाच्या चरकाच्या मोटारी. उन्हाळ्यात पंखे, कूलर आणि पाणी खाली गेलेल्या बोअरचे सबमर्सिबल. पावसाळ्यात नदीवरच्या मोटारी आणि ओलीमुळं ट्रिप होणारी घरं. आता सप्टेंबर-ऑक्टोबरला द्राक्षाच्या फळछाटण्या, म्हणजे ठिबकचे पंप आणि फिल्टर. यातलं एकच धरलंस तर चार महिने झोप नाही आणि आठ महिने हातावर हात. आणि आपल्यासारख्याला महिनोन्‌महिने नुसते कॉइलच भरत बसवणार नाही, हे तुलाही माहीत आहे. ही विविधताच या धंद्यातली खरी मजा आहे. ती कामं एकमेकांत बसली नाहीत की मात्र तिचाच त्रास होतो.

बसवायची कशी? प्रत्येक कामात थांबायची एक जागा असते, ती ओळखायची. रिवाइंडिंगचंच घे. जुनं वाइंडिंग (तारेची वेटोळी) काढायला, ते बसतं ते स्लॉट, म्हणजे खाचा, साफ करायला, इन्सुलेशनचा पेपर घालायला, कॉइल भरून जोडायला माणूस लागतो. त्यानंतर मोटार तापवून वार्निशमध्ये बुडवली, बुडबुडे यायचे थांबले, बाहेर काढून निथळवली आणि ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर ठेवली की सहा ते आठ तास तिला तुझी गरज नाही. डब्यावर जे तापमान आणि वेळ दिली असेल तीच धर, घाईनं कमी करू नकोस. वरून कडक दिसतं आणि आत ओलं राहतं, मग पहिल्याच उन्हाळ्यात कॉइल सुटून घासायला लागतात. हे सहा-आठ तास म्हणजे बाहेरच्या कामाचा दिवस. म्हणून बुडवायचं काम सकाळी दहाच्या आत उरकायचं आणि मग मलकापूर किंवा ओगलेवाडी असा एका दिशेचा फेरा काढायचा. संध्याकाळी परत येशील तेव्हा ओव्हनमधलं काम झालेलं असेल, बाहेरची दोन-तीन कामं पुरी असतील. बॅटरी चार्जिंगला लावणं, क्षार धरलेल्या सोलर हीटरच्या टाकीत डीस्केलिंगचं औषध घालून ठेवणं, ओली मोटार वाळवणं ही सगळी थांबायची कामं. ती आधी लावून द्यायची आणि हाताची कामं त्यांच्या पोटात बसवायची. मोठ्या आणि बारीक कामांचाही विचार कर. पन्नास किलोच्या पुढचा मोनोब्लॉक (मोटार-पंप एकत्र असलेला सेट) उचलल्यावर लगेच बारीक तारेचं काम घेतलं तर हात थरथरतो आणि तारेवरचं इनॅमल खरवडलं जातं. मध्ये तासभर मल्टिमीटरचं काम घाल. आणि चेन पुली आजच घे, कंबर गेली की कुठलंच काम उरत नाही.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. काम झालं असं कधी म्हणायचं? गिऱ्हाईक म्हणतं 'चालू झाली की', आणि आपण पुढच्याकडं धावतो. तुझ्या मनातलं अर्धवटपण इथूनच येतंय असं माझं मत आहे. प्रत्येक कामाचा एक आकडा असतो. तो घेतला, डायरीत लिहिला, की काम संपलं, आणि त्या क्षणी जे बरं वाटतं ते दुसऱ्या कशानं वाटत नाही. ५ एचपीची थ्री फेज मोटार ४१५ व्होल्टवर पूर्ण लोडला साधारण ७ ते साडेसात अँपियर घेते. नो लोडला याच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत. तिन्ही फेजना टंग टेस्टर (तार न तोडता करंट मोजणारा चिमटा) लावायचा, आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. एकाच फेजचा वेगळा आला तर लीड फिरवून बघ: वेगळा आकडा लाइनबरोबर राहिला तर सप्लायचा दोष, मोटारीच्या लीडबरोबर फिरला तर तुझ्या वाइंडिंगचा. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यानं उद्याचा फोन वाचतो.

सप्लायच्या दोषाला कमी लेखू नकोस. फेजांच्या व्होल्टेजमध्ये ३ टक्क्यांचा असमतोल झाला तरी वाइंडिंगचं तापमान १८ टक्क्यांच्या आसपास जास्त चढतं, आणि ठरलेल्या मर्यादेवर दर १० अंशांना इन्सुलेशनचं आयुष्य निम्म्यावर येतं. शेतकऱ्याला वाटतं वाइंडिंग कच्चं होतं. म्हणून जळालेली मोटार उघडल्या उघडल्या तिचा फोटो काढ आणि मालकाला दाखव. स्टारमधली, म्हणजे तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र जोडलेली, मोटार एक फेज गेल्यानं जळली तर दोन फेजचे कॉइल काळे आणि एकाचे कोरे दिसतात. डेल्टामध्ये, म्हणजे त्रिकोणी जोडणीत, उलट, एका फेजचे काळे आणि दोन फेजचे धड. सगळे सारखे काळे असतील तर ओव्हरलोड, कमी व्होल्टेज किंवा जाम झालेला पंप. एकाच जागी तांबं वितळलेलं असेल तर तिथं शॉर्ट झालाय. हे वाचता येणं हा या धंद्यातला मोठा आनंद आहे. मोटार स्वतः सांगते काय झालं, आणि तू ते मालकाला समजेल असं सांगतोस. नुसती भरून दिलीस तर तीच मोटार पुन्हा येईल. एक फेज गेली की मोटार बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवून, ओव्हरलोडचा रिले मोटारीच्या प्लेटवरच्या अँपियरला लावून दिलीस तर येणार नाही. ७.५ एचपीच्या पुढं बहुतेक ठिकाणी स्टार-डेल्टा स्टार्टर असतो, तो मोटार स्टारमध्ये सुरू करून डेल्टात नेतो. तिथं रिले वाइंडिंगच्या फेजच्या वाटेत असेल तर प्लेटवरच्या करंटच्या ०.५८ पटीवर लावायचा. तो पूर्ण करंटवर लावलेला असेल तर असूनही नसल्यासारखा.

भरण्याच्या आधी जे लिहून ठेवायचं त्यात आळस करू नकोस: स्लॉट किती, पोल (चुंबकी ध्रुव) किती, एका कॉइलला टर्न (वेढे) किती, पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधलं स्लॉटचं अंतर), जोडणी, कोअरची (लोखंडी गाभ्याची) लांबी, आतला व्यास. २४ स्लॉटच्या २ पोलच्या मोटारीला एका पोलमागे १२ स्लॉट येतात, म्हणजे दर फेजला ४. हा हिशेब कॉइल कापायच्या आधी जुळला पाहिजे. तारेचा गेज (जाडीचा नंबर) इनॅमल जाळून, पुसून, मग मायक्रोमीटरनं बघायचा, नाहीतर इनॅमलची जाडी धरली जाते. २० नंबरच्या जागी त्याहून बारीक २१ भरला तर तांबं पाचव्या हिश्शानं कमी होतं, रेझिस्टन्स पाव हिश्शानं वाढतो, आणि मोटार चालते पण गरम चालते. आधी कुणीतरी चुकीचा गेज भरून गेलेला असतो, म्हणून टर्न आणि तार प्लेटवरच्या अँपियरशी ताडून बघायची. जुनं वाइंडिंग काढायला उघड्या जाळावर स्टेटर (मोटारीचा न फिरणारा भाग) टाकणारे अजून आहेत. तू ते करू नकोस. कोअरच्या पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं आणि मग कितीही चांगलं भरलं तरी कोअरच तापतो.

घरच्या कामातही असाच एक आकडा असतो. आरसीसीबी (करंट अर्थला गळला की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होतोय म्हणून बोलावतात, आणि बरेच जण एमसीबी (एकेका लाइनचे स्विच) एकेक करून पाडून फॉल्ट शोधतात. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल कुठंतरी अर्थला लागलेला असेल तर सगळे एमसीबी पाडूनही आरसीसीबी बसत नाही, किंवा शेजारच्या खोलीत लोड पडला की उडतो. अशा वेळी मेन बंद करून न्यूट्रल बारवरून एकेक न्यूट्रल सोडवायचा आणि न्यूट्रल आणि अर्थमधलं इन्सुलेशन मेगरनं, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्रानं, बघायचं. ज्याचा आकडा पडतो ती लाइन. पावसात बाहेरचा दिवा, गच्चीवरची बेल, बाथरूमचा गीझर हे आधी बघ. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी 'सारखा उडतो' म्हणून काढून टाकायला कुणी सांगितलं तर काम सोड, पण काढू नकोस.

पावसाळ्यातल्या मोटारींचं वेगळं लिहितो, कारण ते तुझ्याकडं आधी आणि माझ्याकडं नंतर येतं. कोयनेचं पाणी प्रीतिसंगमावर चढलं की इकडं सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पातळीकडं सगळ्यांचं लक्ष. तिथं ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. त्याच्या आधीच नदीवरच्या मोटारी वर घेतात, पण सगळ्या निघत नाहीत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात किती मोटारी गाळात गेल्या ते तू पाहिलंयस. बुडालेली मोटार 'एकदा चालू करून बघू' म्हणतात, तिथंच ती कायमची जाते. उघडायची, स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा, बेअरिंग सरळ टाकून नवीन घालायची, आणि ८०-९० अंशांच्या आत वाळवायची. याहून जास्त तापवलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन इन्सुलेशन फुटतं. ५०० व्होल्टच्या मेगरनं दर दोन तासांनी बघत राहा. सुरुवातीला आकडा खाली जातो, घाबरू नकोस. तापमान वाढलं की तो पडतो आणि ओल निघायला लागली की चढतो. १ मेगओहमच्या खाली असेल तर लावायचीच नाही. ५ च्या वर स्थिर झाला की माझ्या मते निर्धास्त. खाली जाऊन पुन्हा वर चढणारा तो काटा बघणं ही पावसाळ्यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे. न भरता वाचवलेली मोटार म्हणजे शेतकऱ्याचा वाचलेला पैसा, आणि त्याचा चेहरा लगेच सांगतो.

पैशाचं थोडक्यात. तांब्याचा भाव रोज हलतो, म्हणून तोंडी ठोक भाव देऊ नकोस. नवीन तार आणि जळकं तांबं दोन्ही मालकासमोर वजन कर, जळक्याची किंमत वजा दाखव, मजुरी वेगळी लिही. तारेपुरती आगाऊ घे. ती मागायला लाजू नकोस, मालाचे पैसे तू खिशातून घातलेस की काम गोड लागत नाही. बाकी उधारी त्या माणसाच्या पिकाच्या हिशेबानं ठरव. उसाचं बिल ऊस गेल्यापासून १४ दिवसांत द्यायचा नियम आहे, तरी कारखान्याची नेहमीची तारीख विचारून डायरीत टाक. द्राक्षवाल्याचा पैसा जानेवारी ते एप्रिल. ज्या महिन्यात त्याच्या हातात पैसा नाही त्या महिन्यात तगादा लावून दोघांचंही डोकं फिरतं. मजुरीत भाव करत बसायचं नाही. आकडे दाखवलेस की भाव मागणारे आपोआप कमी होतात.

फोनचं एक ठरव. कॉइल भरताना टर्न मोजताना फोन घेतला की मोजणी चुकते, आणि एका कॉइलचे टर्न कमी पडले की करंट बिघडतो. काउंटर लावलेलं मशीन घे, आणि त्या तासाला फोन पोराकडं दे. तुला येत नाही ते काम स्पष्ट नाकार आणि कुणाकडं जावं ते सांग. फ्रिजचा गॅस, वेल्डिंग मशीनचं कार्ड, व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं ड्राइव्ह), यांतलं जे तुला शिकायचं असेल ते एक वर्षाला एक याप्रमाणे उचल. व्हीएफडी आधी शिक असं मी म्हणेन. ठिबकवाले आता विचारायला लागलेत, आणि पॅरामीटरमध्ये मोटारीचा करंट, व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि किती सेकंदांत वेग घ्यायचा एवढं नीट भरता आलं तरी निम्मी कामं होतात.

आता छाटण्या चालू आहेत, तेव्हा या आठवड्यात माल भरून ठेव: २० ते २४ नंबरची तार, स्लीव्ह, स्लॉटचा पेपर, वार्निश, ६२०४ ते ६२०६ बेअरिंग, मोनोब्लॉकचे मेकॅनिकल सील, स्टार्टरच्या नो व्होल्ट कॉइल (वीज गेली की स्टार्टर सोडणाऱ्या) आणि कॉन्टॅक्ट किट, पंख्याचे २.५ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. नो व्होल्ट कॉइलचं व्होल्टेज बघून घे. २३० आणि ४१५ दोन्ही ठेवावे लागतात, आणि हंगामात रात्री आठला दुकानात नसलेली कॉइल नेमकी तीच मागतात. तुझ्याकडं आलेल्या त्या १० एचपीच्या मोटारीचे स्लॉट, टर्न, गेज आणि कोअरची लांबी कळव, प्लेट वाचता येत नसली तरी चालेल. त्यावरून आपण फोनवर हिशेब लावू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विलास