कंसांच्या खाली

टिळकवाडी, बेळगाव

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असताना पुन्हा सी ही जुनी भाषा कशाला, असे तू रविवारी फोनवर विचारलेस. ‘परीक्षेपुरते कर’ म्हणून बाबांनी विषय मिटवला. परंतु पंधरा वर्षे सी शिकवणाऱ्या माझ्या मनातून तो गेला नाही.

सी ही इतर भाषांची जननी, असे सांगताना जावा आणि जावास्क्रिप्टमधील महिरपी कंस पुरावा म्हणून दाखवले जातात. मला हा पुरावा वरवरचा वाटतो. कंस हा पेहराव झाला. पायथनने तो घातलाच नाही, तरीही तू वापरतेस तो पायथनचा इंटरप्रिटर, म्हणजे तुझा कोड वाचून चालवणारा प्रोग्राम, सीमध्येच लिहिलेला आहे. तू लिस्टमध्ये एक घटक वाढवतेस तेव्हा खाली सीमधील पॉइंटरांचा, म्हणजे मेमरीतील पत्त्यांचा, एक ॲरे (सलग रांग) भरत असतो, आणि जागा संपली की पुढची सोय म्हणून गरजेपेक्षा थोडी अधिक मेमरी मागून घेतली जाते.

डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांच्या ‘बी’ भाषेतून सी घडवली आणि १९७३ साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा तिच्यात नव्याने लिहिला गेला. हा इतिहास तुला पुस्तकात मिळेलच.

पुस्तकात सहसा नसते ते सांगते. आपल्या बाजारात खानापूरकडचा शेतकरी मराठीत बोलतो, बैलहोंगलचा अडत्या कन्नडमध्ये. मात्र वजन, दर आणि हमाली कोणत्या रकान्यात मांडायची हे ठरलेले असल्यामुळे हिशोबपट्टी दोघांनाही वाचता येते. रस्ट या दुसऱ्या भाषेतील फंक्शन पायथनमधून बोलवायचे झाल्यास कोणती किंमत प्रोसेसरमधील कोणत्या रजिस्टरमध्ये, म्हणजे छोट्या कप्प्यात, ठेवायची आणि उत्तर कोठून उचलायचे, हे दोन्ही भाषा सीच्या रिवाजाने ठरवतात. दोघींपैकी कोणीही सी बोलत नसली, तरी पट्टी सीचीच असते.

या पायाला भेगाही आहेत. ॲरेची हद्द ओलांडली तरी सी अडवत नाही. १९८८ च्या मॉरिस वर्मने, म्हणजे इंटरनेटवर आपोआप पसरत गेलेल्या प्रोग्रामने, याच ढिलाईचा एक वाट म्हणून उपयोग केला. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात २०२२ पासून अशी हद्द सांभाळणाऱ्या रस्टला प्रवेश मिळाला, त्यामागे हीच काळजी आहे.

पायथनच्या मूळ कोडमधील लिस्टची सी फाइल उतरवून ठेव. गणपतीला आलीस की मेमरी वाढवणारे फंक्शन आपण दोघी ओळीओळीने वाचू.

तुझी,
आई