बोटवाल्या मिस्त्रींना

मिस्त्री, नमस्कार.

तुमचा फोन बटणांचा, तेव्हा हे तुमच्यापर्यंत तुमच्या मुलाच्या तोंडूनच पोचणार. मधला बराच भाग तो गाळेल, कारण कुणी तुमची तारीफ करू लागलं की तुम्ही पाना उचलून उठून जाता. तरी लिहितो. नाव मात्र लिहीत नाही. हर्णै बंदरावर ज्याला कळायचं त्याला पत्र्याच्या शेडीवरून कळेलच.

गेल्या रविवारी दापोलीहून बाजार करून आलो. आंजर्ल्याला घराच्या खळ्यात ओम्नी लावली, चावी काढली आणि मागच्या पिशव्या उतरवायला गेलो. धाकटी पुढच्या सीटवर उभी होती. तुम्हाला ठाऊक आहे, चावी काढली की गाडीतल्या संगणकाचा आपला टचस्क्रीनचा पडदा लगेच मिटत नाही. आतला संगणक नीट बंद व्हायला अर्धं मिनिट घेतो, मग मोटर फिरते आणि पडदा डॅशबोर्डवर आडवा होतो. ही अर्ध्या मिनिटाची हुशारी माझी. म्हणजे गाडी बंद झाली, आता काही हलायचं नाही असं माणूस धरून चालतो, नेमकं तेव्हा ते हलतं. पोरीला पडद्याखालच्या खाचेत बिस्किटाचा तुकडा दिसला आणि तिने हात घातला.

मला मागे फक्त आवाज ऐकू आला. कुर्रर्र. तुमच्या त्या फायबरच्या वायसरचा, घसरण्याचा. धावत पुढे आलो तर पडदा तिच्या मनगटावर टेकून थांबला होता, मोटर आपली नुसतीच फिरत होती, आणि ती हसत होती. "बाबा, गुदगुल्या करतंय." तिने बिस्कीट काढलं, हात काढला, पडदा मिटला. मनगटावर वळसुद्धा नव्हता.

मी जाऊन गडग्यावर बसलो. हिने दोनदा विचारलं काय झालं म्हणून, पण मला धड सांगता येईना. पिशवीतली कोलंबी तशीच उन्हात राहिली. त्याबद्दल नंतर जे ऐकावं लागलं ते ऐकलं.

ज्यांना हा उद्योग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. आमच्या जुन्या ओम्नीत मी रास्पबेरी पाय बसवलाय. पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक, त्याला सात इंची टचस्क्रीन. हे कशाला, असं सासऱ्यांनी तीनदा विचारलं. मागचा कॅमेरा हवा होता, कारण आमच्याकडे गाडी मागे घेताना दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे असतात आणि ते सरकून वाट देत नाहीत. घाटात रेंज जाते, म्हणून आधीच उतरवून ठेवलेले नकाशे हवे होते. शिवाय बाबांच्या भजनी मंडळाच्या २२ कॅसेटी मी संगणकावर घेतल्या होत्या, त्या कुठेतरी वाजायला हव्या होत्या. खरं सांगायचं तर यातलं काही नसतं तरी मी हे केलंच असतं. विज्ञान शिकवतो, हात शिवशिवतात. पडदा मिटणारा हवा होता तो उन्हामुळे आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेमुळे. मोटरवर मिटणारा हवा होता तो निव्वळ हौसेमुळे.

पहिला प्रयत्न माझाच. थ्रीडी प्रिंटरवर करून आणलेला प्लॅस्टिकचा सांगाडा आणि खेळण्यातल्या विमानांना लावतात तसली सर्व्हो मोटर. पीएलए नावाचं हे प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं आणि मे महिन्यात काचा लावून उन्हात ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्याही पुढे जातो, हे मी नववीच्या वर्गाला झोपेत सांगितलं असतं. गाडीत बसवताना आठवलं नाही. आठवड्यात सांगाडा सादळलेल्या पापडासारखा लवला. सर्व्हो तर वीज आहे तोवरच जोर धरते. चावी काढली की पडदा मान टाकायचा.

दुसरा प्रयत्न शहरातल्या एका दुकानाचा. काचेचा दरवाजा, आत गारवा, आणि साडेतीन हजार आगाऊ. त्यांनी दाराची काच वरखाली करणारी मोटर सरळ बिजागरीला जोडून दिली. काच उचलण्यासाठी केलेली मोटर ती, सात इंची पडद्याची तिला काय मातबरी. फटकन उघडायचा, खाडकन मिटायचा. मी विचारलं, मधे बोट आलं तर? काउंटरवरच्या मुलाने मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं, "लहान मुलांना पुढे बसवताच कशाला?" तिसऱ्या दिवशी पडद्याची चपटी केबल बिजागरीत चेंगरून तुटली. परत गेलो तर म्हणाले, इलेक्ट्रिकल मालाला गॅरंटी नसते, आणि वर, तुमच्याकडे हवा दमट आहे ना. जणू दमट हवा मी पिशवीत भरून दुकानात नेली होती. पैसे गेले त्याचं एवढं नाही. ते वाक्य मात्र अजून डोक्यात आहे.

आणि मग जुलैत तुमच्याकडे आलो. मासेमारीची बंदी, १ जून ते ३१ जुलै. होड्या शाकारून ठेवलेल्या, तुमच्या शेडीत तीन इंजिनं पोट उघडून पडलेली, नारळी पौर्णिमा तोंडावर, जो तो आपलं काम आधी म्हणून भांडतोय. त्यात मी छत्रीखाली हे खेळणं घेऊन उभा. दुसऱ्या कुणी बाहेरच्या बाहेर वाटेला लावला असता. तुम्ही चिंधीला हात पुसलेत आणि दोनच प्रश्न विचारलेत. वीज गेली तर हा राहतो कुठं? संगणक बिघडला तर मिटतो कसा?

घरी जाईपर्यंत मी त्या दोन प्रश्नांचाच विचार करत होतो. समुद्रात ज्यांचं यंत्र बंद पडतं त्यांच्यासाठी काम करणाऱ्या माणसाला हे पहिले सुचतात. मला शेवटीही सुचले नव्हते.

नटबोल्टांचा हिशेब इथे मांडत नाही, ते माझ्या वहीत आहे. दोनच गोष्टी सांगतो. वर्म गिअरची मोटर लावायला सांगितलीत. वर्म म्हणजे आट्यांचा दांडा, तो दातेरी चाकाला फिरवतो, पण चाक उलट वर्मला फिरवू शकत नाही, म्हणून वीज जाऊ दे की खड्डा येऊ दे, पडदा आहे तिथे राहतो. दुसरी गोष्ट, उघडताना आणि मिटताना मोटर कुठे थांबायची ते मी प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं, चांगल्या दोनशे ओळी. तुम्ही स्क्रीनकडे बघितलंत, चष्मा कपाळावर घेतलात आणि म्हणालात, "असू दे मास्तर, पण ह्याच्या भरवशावर नको." दोन टोकांना दोन मायक्रोस्विच, प्रत्येकावर एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा तुकडा. स्विच दाबला की मोटरची वीज तिथेच तुटते, डायोडमुळे उलटी मात्र फिरू शकते. संपलं. माझ्या दोनशे ओळी आता फक्त "मीट" एवढंच सांगतात.

पण हे पत्र त्यासाठी नाही. पत्र आहे ते त्या संध्याकाळसाठी.

मोटर आणि पडद्याच्या मधे तुम्ही दोन वायसर आणि एक स्प्रिंग घातली होती, जोर जास्त झाला की घसरणारी. स्प्रिंग आवळली तर पडदा घट्ट, पण चिमटा जबर. सैल केली तर चिमटा हलका, पण खड्ड्यात पडदा डुलणार. नेमकी किती आवळायची? मी शाळेच्या प्रयोगशाळेतून तानकाटा आणला होता. किती ग्रॅमला घसरतं ते मोजू, असं मोठ्या ऐटीत म्हणालो. तुम्ही तानकाट्याकडे आदराने बघितलंत, तो बाजूच्या डब्यावर ठेवलात आणि आपलं बोट पडद्याखाली घातलंत. ज्याचं नख आधीच कुठल्या तरी इंजिनाने नेलंय, ते.

"लावा."

मी बटण दाबेना. तुम्ही पुन्हा म्हणालात, "लावा हो मास्तर."

पडदा आला, बोटावर बसला, तुमचा चेहरा आवळला. "जास्त आहे." पाव आटा सैल. पुन्हा बोट. "अजून." पुन्हा पाव आटा. मी मोजलं, नऊ वेळा. मधे मी माझं बोट पुढे केलं तर म्हणालात, "तुमचं नको, उद्या फळ्यावर लिहायचंय." मग करंगळी घातलीत आणि विचारलंत, घरात लहान कोण आहे. साडेचार वर्षांची मुलगी आहे म्हटलं. तुम्ही काही बोलला नाहीत. आणखी अर्धा आटा सैल केलात, करंगळी पुन्हा घातलीत, आणि मग पडदा डुलतो का बघायला मला बंदराच्या खड्ड्यांतून दोन फेऱ्या मारायला लावल्यात. बाहेर पाऊस कोसळत होता. इंजिनवाले खोळंबले होते. एक जण मोठ्याने कुरकुरतही होता, त्याला तुम्ही हाताने "थांब" केलंत.

मी शेवटी सगळा खेळ झाल्यावर लावायला एक स्टिकर करून आणला होता, "हात घालू नये" असा. छान लाल अक्षरात. धाकटीला अजून वाचता येत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आमच्या लहानपणी पावसाळ्यात शाळेला जाताना वाटेत साकव लागायचा. पुढे असलेला मोठा माणूस मधोमध जाऊन पाय आपटायचा, बांबू बोलतो का ऐकायचा आणि मगच आम्हाला "या रे" म्हणायचा. विहिरीला नवा दोर लागला की पहिली कळशी दोर बांधणाराच ओढायचा. याला कुणी चांगुलपणा म्हणत नसे, ती कामाचीच शेवटची पायरी होती. आता बहुतेक ठिकाणी ती पायरी गाळून पाटी लावतात. काचेच्या दरवाजाच्या त्या दुकानात तर पाटीही नव्हती.

तुम्ही साडेसहाशे रुपये घेतलेत आणि लेथवाल्याचे वेगळे द्यायला सांगितलेत, ते बरं केलंत. फुकट दिलं असतंत तर पुढचं काम घेऊन यायला मला तोंड राहिलं नसतं. आणि पुढचं काम आहे. मागच्या कॅमेऱ्यात पाणी शिरतंय.

घरात मी ही गोष्ट एवढ्यांदा सांगितली की धाकटी तुम्हाला "बोटवाले आजोबा" म्हणते. मी समजत होतो, बंदरावरच्या बोटी दुरुस्त करणारे म्हणून. परवा म्हटलं, चल, बोटवाल्या आजोबांकडे जाऊ, बोटी बघू. तर म्हणाली, बोटी नकोत, बोट बघायचंय. गणपतीच्या आधी घेऊन येतो. दाखवा तिला.

तुमचा,
आंजर्ल्याचा मास्तर

ता.क. पिनेला ग्रीस दिलं. वायसरला लागू दिलेलं नाही.