नाताळच्या रोषणाईची तयारी नोव्हेंबरातच हवी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची तोरणे उतरवून माळ्यावर टाकण्याचे काम घरोघरी चालू असते, त्याच दिवसांत आम्हा वसईकर ख्रिस्ती कुटुंबांनी नाताळच्या बाहेरच्या रोषणाईची आखणी करावी, असे आग्रहाने सुचवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. 16 डिसेंबरला नाताळची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू झाली की देवळातली प्रार्थना, घराची साफसफाई, कुलकुल आणि करंज्या, येशूजन्माच्या देखाव्याच्या गोठ्याची बांधणी अशी सगळी कामे एकाच वेळी अंगावर येतात आणि दिव्यांच्या माळा लावायला 22 किंवा 23 तारखेची संध्याकाळ उरते. दिवसभराच्या कामाने थकलेला माणूस अंधारात, टेबलावर स्टूल ठेवून, पत्र्याच्या कडेला माळ बांधत असतो. मुले परदेशी असलेल्या कितीतरी घरांत हा माणूस साठी ओलांडलेला असतो. हे दृश्य गावागावात दिसते आणि त्यात बदल करणे मुळीच अवघड नाही.

नाताळपूर्वीच्या तयारीच्या, म्हणजे आगमन काळाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. आकडे, खिळे, सॉकेट आणि वायरिंग ही शिडीवरची कामे या रविवारपूर्वी दिवसाउजेडी आटोपलेली असावीत, म्हणजे डिसेंबरात केवळ माळा अडकवायच्या राहतात. तुळशीची लग्ने लागली की लग्नसराई सुरू होते आणि नाताळ उलटताच आमच्याकडची लग्नेही ओळीने येतात, त्यामुळे चांगला वायरमन हवा असेल तर त्याला आधीच गाठलेले बरे.

आखणीची सुरुवात माळेपासून न करता सॉकेटपासून करावी. बाहेर सॉकेट कुठे आहे, तिथून पागोळीची कड, फाटक आणि गोठा किती लांब आहेत, हे दोरीने मोजून कागदावर उतरवले तर किती माळा लागतील आणि जादा वायर कुठून कुठे न्यावी लागेल, ते घरात बसूनच कळते. माझ्या मते पडवीची एक सलग कड, फाटक, गोठा आणि वर टांगलेला तारा एवढे नीट उजळले तरी घर पुरेसे शोभते. प्रत्येक झाडाला आणि प्रत्येक खिडकीला माळ गुंडाळल्याने खर्च व धोका वाढतो आणि ज्याच्यासाठी हे सारे करायचे तो गोठाच झगमगाटात हरवतो.

नारळाच्या खोडात मात्र खिळा कधीही मारू नये. खोडाला जखम झाली की सोंड्या भुंगा त्या जागी अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या झाड आतून पोखरतात. बाहेरून लक्षात येईपर्यंत झाड बहुधा हातचे गेलेले असते. सुतळीचा सैल फास पुरतो आणि जानेवारीत तो सोडताही येतो.

विजेचा हिशेबही आधीच करावा. शंभर बारीक बल्बांची जुन्या पद्धतीची माळ साधारण 40 वॅट वीज घेते, तर तेवढ्याच दिव्यांची एलईडी माळ 6 वॅटच्या आसपास. अशा दहा माळा 16 डिसेंबरपासून तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे 6 जानेवारीपर्यंत, रोज सहा तास चालवल्या तर जुन्या माळांना सुमारे 53 युनिट लागतात आणि एलईडीला 8 युनिटही लागत नाहीत. खरेदी करताना माळ उघड्यावर वापरण्याजोगी आहे का, हे खोक्यावर पाहावे. ‘आयपी 44’ असे लिहिलेली माळ शिंतोडे सहन करते आणि ‘आयपी 65’ ची पाण्याच्या धारेलाही टिकते. मुंबईच्या लोहार चाळीतल्या विजेच्या बाजारात दिवाळीपूर्वीच्या गर्दीत घाईने उचललेल्या स्वस्त माळांची वायर अनेकदा इतकी बारीक असते की नखाने तिचे आवरण सोलले जाते. त्यात थेट 230 व्होल्टचा प्रवाह खेळत असतो, हे लहान मुले ज्या गोठ्यासमोर गुडघे टेकतात तिथे तरी विसरून चालणार नाही.

वसईत डिसेंबरात पाऊस नसतो, म्हणून आपण निर्धास्त असतो, पण वाड्यांमध्ये पहाटे दव पडते ते थोडेथोडके नसते. केळीच्या पानांवरून थेंब ठिबकतात, तसेच ते वायरवरून ओघळत सांध्यात शिरतात. सांध्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळण्याची पद्धत सर्रास दिसते. तिने ओल बाहेर राहण्याऐवजी आत कोंडून राहते. त्यापेक्षा सांधा जमिनीपासून वर, तोंड खाली करून टांगावा आणि सॉकेटच्या आधी वायरला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी सॉकेटकडे न जाता झोलातून खाली पडते. बाहेरच्या सॉकेटच्या आधी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती ओळखणारा सुरक्षा स्विच) बसवून घेतलेला असला, तर विजेची गळती होताच प्रवाह क्षणात तुटतो. हे काम वायरमनचेच आहे, त्यात घरगुती कसरत करू नये. शिडी ॲल्युमिनियमची असेल तर खांबावरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरच्या आसपास ती अजिबात उभी करू नये.

या सगळ्यात ज्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही ते काम जानेवारीतले आहे. सण संपला की माळा ओढून काढल्या जातात आणि एकाच गोणीत कोंबल्या जातात. पुढच्या डिसेंबरातला निम्मा वेळ तो गुंता सोडवण्यात जातो, शिवाय ओढाताणीत तुटलेली वायर नजरेला पडत नाही ती वेगळीच. प्रत्येक माळ एक दिवस उन्हात सुकवून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळावी, पुठ्ठ्यावर ‘पडवी, रस्त्याची बाजू’ किंवा ‘फाटक’ असे ठळक लिहावे, बिघडलेली माळ तिथेच वेगळी काढावी आणि बाकीच्या उंदरांपासून वाचतील अशा पत्र्याच्या पेटीत ठेवाव्यात. उतरवण्यापूर्वी उजेडात एक छायाचित्र काढून ठेवले तर पुढच्या वर्षी घरातले कोणीही ती मांडणी पुन्हा करू शकते.

टायमर हे साधन लहान आहे, पण फार उपयोगी आहे. तो रात्री 11 वाजता दिवे बंद करतो, म्हणजे घरातल्या वृद्धांना थंडीत बाहेर यावे लागत नाही, शेजाऱ्यांची झोप मोडत नाही आणि वाडीतल्या घुबड-वटवाघळांनाही त्यांचा अंधार मिळतो. मध्यरात्रीच्या मिस्साच्या, म्हणजे देवळातल्या उपासनेच्या, दिवशी तेवढी वेळ वाढवून घ्यावी.

चौकातल्या क्रुसाजवळ किंवा गावाच्या सार्वजनिक गोठ्यासाठी रोषणाई करणाऱ्या मंडळांनी विजेच्या तारेवर आकडा टाकण्याचा विचारही मनात आणू नये. ती चोरी तर आहेच, शिवाय त्या जोडणीला कसलेही संरक्षण नसते. तात्पुरत्या अधिकृत जोडणीचा अर्ज नोव्हेंबरातच केला तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

धर्मग्रामांतील (एकेका चर्चच्या हद्दीतील) युवक मंडळांना माझी विनंती आहे की, नोव्हेंबरच्या एखाद्या रविवारी मिस्सानंतर, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरांची यादी करून शिडीवरची कामे वाटून घ्यावीत आणि जानेवारीत माळा उतरवण्याची तारीखही त्याच बैठकीत ठरवावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, वसई