यंत्र पाठवतेय, पण झाकण उघडायचं नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही मागितलेलं अंडी उबवायचं यंत्र याच आठवड्यात पाठवतेय. हे सगळं फोनवरही सांगितलं असतं, पण तुम्ही "हो हो, कळलं" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. म्हणून पत्र.

यंत्र आल्याआल्या अंडी घालू नका. एक दिवस रिकामंच चालू ठेवा. पडद्यावर 37.5 अंश दिसलं तरी आत दुसरा थर्मामीटर ठेवून खात्री करा. माझं यंत्र पहिल्या वेळी अर्धा अंश खोटं बोलत होतं. अंडी आठवड्याच्या आतली घ्या, धुऊ नका. आई, तुला ती चकचकीत पुसायचा मोह होईल, पण टरफलावरचा पातळ लेप जंतूंना अडवतो, तो राहू दे.

अंडी आडवी ठेवा आणि एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा. दिवसातून तीनदा उलटायची. तीनदाच का, तर विषम आकडा असला की रोज रात्री तीच बाजू खाली येत नाही. न उलटलेल्या अंड्यात गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो. आपली खुडूक कोंबडी चोचीने अंडी सरकवत बसायची, ते याचसाठी. वीज गेली तर घाबरू नका, यंत्रावर गोधडी टाका. ती कोंबडीही दाण्या-पाण्याला रोज उठायचीच की. पाण्याच्या कप्प्याकडे मात्र लक्ष असू द्या, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास हवी.

सातव्या रात्री दिवे घालवा आणि अंड्याच्या रुंद टोकाला टॉर्च लावा. आई, हे तू बघच. आत लालसर शिरांचं कोळ्याचं जाळं, मधोमध काळा ठिपका, आणि तो ठिपका हलतो! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टॉर्च धरलेला हातच थरथरायला लागला. जे अंडं नुसतंच पिवळं उजळतं ते रिकामं, काढून टाका.

आता मुख्य गोष्ट. अठराव्या दिवशी उलटणं बंद, आर्द्रता पासष्ट-सत्तरवर आणि झाकण बंद. त्यानंतर उघडायचं नाही म्हणजे नाही.

मी उघडलं होतं. विसाव्या दिवशी संध्याकाळी एका अंड्याला टोच पडली, आतून चिवचिव ऐकू यायला लागली. सकाळपर्यंत ती भेग होती तेवढीच. मला वाटलं अडकलंय बिचारं. झाकण काढून नखाने टरफल सोललं, तर पापुद्र्यावर रक्त आलं. पोटाशी बलक अजून पुरता आत गेलेला नव्हता. दुपारी ते पिल्लू गेलं. शेजारच्या अंड्यालाही टोच पडलेली होती, आतली दमट हवा निघून गेल्यामुळे त्याचा पापुद्रा सुकून पिल्लावर आवळला. तेही गेलं. टोच मारल्यावर बाहेर यायला बारा-चोवीस तास लागू शकतात, हे मी वाचलेलं होतं बरं का. दोन पिल्लं गेली तेव्हा तुम्हाला सांगितलं नव्हतं, नऊपैकी सात निघाली एवढंच म्हणाले होते.

निघालेली पिल्लं ओली, केविलवाणी दिसतात. ती तिथेच सुकू द्या. पोटातला बलक त्यांना दोन दिवस पुरतो, त्यामुळे आई, लगेच कण्या घेऊन धावू नकोस. फुलली की दिव्याखालच्या खोक्यात, पहिला आठवडा 35 अंशांवर, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी.

अंडी कधी ठेवताय ते आधी कळवा. एकविसावा दिवस मोजून मी रजा टाकते आणि अठराव्यालाच येते. तोवर आई, यंत्राजवळची खुर्ची तुझी. बाबांना लांब बसव.

तुमची,
ताई