बाबा, स्लॅबची घाई नको

मस्कत,
३० जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमच्या मागे मिक्सर धडधडत असतो, ठेकेदार हाका मारत असतो, आणि तुम्ही "सगळं ठीक आहे, तू तिकडे जिवाला जप" म्हणून फोन ठेवून देता. म्हणून सविस्तर लिहायला बसलोय. हिला सांगितलंय, प्रिंट काढून तुमच्या हातात दे. दुपारी जेवण झाल्यावर चष्मा लावून सावकाश वाचा. आईलाही वाचून दाखवा.

मुख्य सांगायचं ते आधीच सांगतो. यंदा मे महिन्यात स्लॅब घालू नका. जोतं नीट पुरं करून घ्या आणि पावसाळ्यापुरतं काम थांबवा.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटणार, मला ठाऊक आहे. यंदाचा गणपती नव्या घरात बसवायचा असं तुम्ही दिवाळीपासून म्हणताय. चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे हाताशी वेळ आहे, असा तुमचा हिशोब. पण चतुर्थी लांबली ती ज्येष्ठ अधिक आल्यामुळे, पाऊस त्याच्या वेळेलाच येणार. गेल्या वर्षी आठवतं ना, २५ मेला मान्सून तळकोकणात उतरला आणि २६ मेला मुंबईत. कौलं शाकारायच्या आत पहिली सर आली. यंदा तसंच झालं आणि त्याच आठवड्यात आपला स्लॅब पडलेला असला तर? ओल्या काँक्रीटवर मोठी सर आली की वरची सिमेंटची साय धुऊन जाते, खडी उघडी पडते. तो स्लॅब मग जन्मभर गळतो.

आणि पाऊस वेळेवर आला तरी मे महिन्यात पाणी कुठे आहे? आपली विहीर एप्रिलच्या शेवटी तळ दाखवते. आई तेव्हा कळशी भरायला पहाटे उठते. स्लॅबवर मातीची आळी करून निदान १० दिवस पाणी उभं ठेवावं लागतं, आपण वापरतोय त्या पीपीसी, म्हणजे राखमिश्रित सिमेंटला तर १४ दिवस ठेवलेलं उत्तम. उन्हाळ्यात ते पाणी बघता बघता आटतं. टँकर मागवायचा तर आपल्या पाखाडीच्या पायऱ्यांच्या वाटेने तो वर येत नाही. स्लॅब पाण्यावाचून तापला की बारीक बारीक भेगा पडतात, आणि पुढचे चार महिने त्याच भेगांवर आपल्याकडचा तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. इथे उन्हाळ्यात काँक्रीटच्या पाण्यात बर्फ घालतात, ओतकाम रात्री किंवा पहाटे करतात, आणि वर ओलं गोणपाट अंथरून माणूस राखणीला ठेवतात. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या घरांसाठी मी हे डोळ्यांत तेल घालून करतोय. आपल्या घराला तेवढं मिळायला हवं, हा माझा हट्ट आहे.

पावसाळ्यानंतर विहीर काठोकाठ असते. दसरा २० ऑक्टोबरला आहे. तेव्हा चिऱ्याचं काम सुरू करायचं, नवीन वर्षात स्लॅब. पाणी मुबलक, ऊन सौम्य, पावसाची भीती नाही.

मधल्या पावसाळ्याचा फायदाच आहे. जुनी माणसं म्हणायची, जोत्याने एक पावसाळा खावा. त्याला अर्थ आहे. जोत्यातला भराव कितीही चोपला तरी थोडा पोकळ राहतोच. चार महिने पाणी मुरलं की तो बसतो, आणि बसायचा तो लादी बसवण्याआधीच बसलेला बरा. तरीही आत्ता भराव घालताना एका वेळी सहा-नऊ इंचांचाच थर घाला, पाणी मारा, धुम्मस करा, मग पुढचा थर. डंपरने एकदम सगळी माती ओतू देऊ नका. वरची माती भरण्याआधी वाळवीचं औषध मारून घ्या. जुन्या घराचे वासे वाळवीने कसे पोखरले ते तुम्ही पाहिलंय. कॉलमच्या वर निघालेल्या सळ्यांना पाऊस लागण्याआधी सिमेंटचं पातळ पाणी लावून घ्या, म्हणजे गंज चढत नाही. चिरे मात्र पावसाच्या आधीच आणून खळ्यात रचून ठेवा. पावसात खाणी बंद असतात आणि दसऱ्याला सगळ्यांची एकदम मागणी येते. जांभा खाणीतून काढला की मऊ असतो, वारा-ऊन खाऊन कडक होतो, त्यामुळे पडून राहिल्याने त्याचं नुकसान नाही.

आता हिने पाठवलेल्या फोटोंबद्दल. परवाच्या फोटोत कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळ्यांभोवतीची कडी, दिसतात. फोटो मोठा करून पाहिला. रिंगेची टोकं नुसती काटकोनात वळवलीत. ती आतल्या बाजूला, कॉलमच्या पोटात शिरतील अशी वळवायला हवीत, १३५ अंशांत. ठेकेदार म्हणेल, एवढंसं काय त्याचं. बाबा, भूकंपात कॉलम हलतो तेव्हा काटकोनात वळलेली रिंग उघडते आणि आतल्या उभ्या सळ्या बाहेर फाकतात. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट तुम्हीच मला सांगितलीय. कोयनेचा धक्का बसला, आजोबांनी तुम्हाला घोंगडीसकट उचलून खळ्यात आणलं, आणि माजघराच्या भिंतीला कोपऱ्यातून भेग गेली. ती भेग मी लहानपणापासून पाहत आलोय. कोयना आपल्या डोंगराच्या पलीकडेच आहे. म्हणून जोत्याचा काँक्रीटचा पट्टा आणि दारा-खिडक्यांच्या वरचा पट्टा, हे दोन्ही घराला सगळीकडून, मध्ये कुठेही न तुटता, बांधून घ्यायचे. ठेकेदार जोत्याचा पट्टा वाचवूया म्हणत होता, तिथे एक रुपयाही वाचवायचा नाही. लाद्या साध्या घालू, रंग दोन वर्षांनी काढू, पण पट्टे आणि रिंगा आत्ताच नीट.

वाळू कुठली येतेय ते विचारा. खाडीची असेल तर परत पाठवा, तिच्यातल्या मिठाने सळी आतून गंजते. खालच्या वाडीतल्या त्या घराचा सज्जा आठवा, काँक्रीटचे पापुद्रे सुटलेत आणि तांबडी सळी बाहेर आलीय. क्रशरची वाळू घ्या. आणि मिक्सरमध्ये पाण्याची बादली मोजून पडली पाहिजे. पन्नास किलोच्या गोणीला सगळं मिळून २५ ते २७ लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. गड्यांना पातळ माल ओढायला सोपा जातो म्हणून ते पाणी वाढवतात. त्यांच्यावर रागावू नका, त्यांचे हात दुखतात. पण बादली मोजायला हिला उभी करा. ती दहावीला गणितात पहिली आली होती, तिला कोणी फसवू शकणार नाही.

काकांचा विषय लिहायचं मनात नव्हतं, पण तो टाळून चालणार नाही. सातबाऱ्यावर तुमचं आणि काकांचं नाव एकत्र आहे. त्यांनी संमतीपत्रावर सही दिली, तरी तुम्ही दोघे त्यानंतर मोकळेपणी बोललेला नाहीत. आई म्हणाली, सही करताना ते बराच वेळ कागद नुसता धरून बसले होते. बाबा, नव्या घरासाठी जुन्या घराची ओटी पाडली, ती त्यांचीही होती. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत त्यांनी आयुष्य काढलं, पण "आमचं गावचं घर" म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर तीच ओटी असणार. नकाशात पुढच्या बाजूला जी खोली आपण पाहुण्यांची म्हणून धरलीय, ती काका-काकूंची खोली. तसं त्यांना तुम्ही स्वतः सांगा. खर्च माझा, त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही. मी सांगितलं तर पुतण्याने उपकार केल्यासारखं होईल. थोरल्या भावाने सांगितलं तर ते घर त्यांचंही होईल. शिमग्याला ते येतीलच. पालखी अंगणात नाचते तेव्हा तुम्ही दोघे एकमेकांच्या शेजारी उभे असता, तेव्हा सांगा.

नकाशातला एक बदल तुम्हा दोघांसाठी. इंजिनियरने जोतं तीन फूट उंच दाखवलंय, पुढून भव्य दिसावं म्हणून. मला ते पटत नाही. खळ्यापासून दीड-दोन फूट पुरे, पाणी आत येत नाही. पायऱ्या सहा इंचांपेक्षा उंच नकोत, एका बाजूला धरायला कठडा हवा. तुमची खोली खालीच आणि संडास-न्हाणी तिला लागून. आईचं मागचं दार आणि बाहेरची चूल मी नकाशात परत घालायला लावलीय. गॅस आहे, मान्य. पण पानगं आणि भाकरी ती चुलीवरच करणार, आणि बाहेर चूल नसली तर ती नव्या घराच्या भिंती काळ्या होतील म्हणून भाकरी करायची सोडेल. तेवढं मला नको.

पैशांची काळजी तुम्ही करताय हे कळलं. थांबलो तर भाव वाढतील, हे खरं. पण बँक टप्प्याटप्प्याने पैसे देते, आणि जेवढी रक्कम उचलली तेवढ्यावरच व्याज लागतं. जोत्यावर थांबलो तर पुढचा हप्ता उचलायचाच नाही, आणि त्या महिन्यांत मी इथून थोडं बाजूला टाकीन. स्लॅबच्या वेळी हातात रोख असेल, सिमेंट उधारीवर घ्यावं लागणार नाही. ठेकेदाराला झालेल्या कामाच्या पुढे पैसे देऊ नका. दिलेले पैसे वहीत लिहून त्याची सही घ्या. माणूस चांगला आहे, पण एकाच वेळी चार घरं हातात घेतलीत, ज्याने पुढचे पैसे दिले त्याच्या घराकडे गडी शेवटी जातात.

मग गणपती? जुन्या घराच्या माजघरात बसवू. उघडी पडलेली बाजू मेमध्येच पत्रे ठोकून बंद करा, नाहीतर झडीचं पाणी थेट आत येईल. तुम्ही म्हणाल, अर्ध्या मोडलेल्या घरात देव कसा आणायचा. आजोबांनीही त्या भेगेच्या भिंतीपाशीच गणपती आणला होता, भूकंपानंतरच्या वर्षी, हे तुमच्याच तोंडून ऐकलंय. त्या माजघरातला हा शेवटचा गणपती असेल. मला तो बघायचाय. रजेचा अर्ज टाकलाय, १० सप्टेंबरच्या आसपास पोचेन.

इथे मस्कतजवळ सीबला आमची एका म्हाताऱ्या ओमानी गृहस्थाच्या घराची साइट चालू आहे. रोज संध्याकाळी ते येतात, दाराच्या चौकटीपाशी एका ब्लॉकवर बसतात आणि मगरीबची बांग होईपर्यंत भिंतीकडे बघत राहतात. मुलगा त्यांच्याबरोबर असतो. कधी कधी मला हात धरून आत नेतात आणि दाखवतात, इथे नातवंडं झोपतील. मी त्यांच्या स्लॅबला पाणी मारतो आणि तुमचा विचार करतो, कारण तुम्ही हे सगळं एकट्याने करताय, आणि मुलाने जवळ असायचं तेव्हा मी इथे आहे. या गोष्टीचं मला रोज वाईट वाटतं. ते फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

हिने सांगितलं की सिमेंटच्या गोण्यांची राखण करायला तुम्ही दोन रात्री बाहेर खाटेवर झोपलात, आणि गुडघा सुजलाय. तुम्ही ते माझ्यापासून लपवलंत. बाबा, गोण्या गेल्या तर दुसऱ्या आणू. राखणीला शेजारच्या घरातल्या पोराला ठेवा, त्याचे पैसे मी वेगळे पाठवतो. "तू परत येशील तेव्हा घर उभं दिसलं पाहिजे" असं तुम्ही आईला म्हणालात. मी परत येईन तेव्हा मला तुम्ही उभे दिसायला हवेत. घर वर्षभर उशिरा झालं तरी मला चालेल. देवरूखला जाऊन गुडघा दाखवून या, हिला बरोबर घ्या, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद मला पाठवायला सांगा.

आईला नमस्कार. चिऊला सांगा, तिने काढलेलं घराचं चित्र खोलीत लावलंय. ठेकेदाराशी थांबण्याचं तुम्ही बोला. तो कुरकुरला तर मला शुक्रवारी फोन लावून द्या, इथे सुट्टी असते.

तुमचा,
बाळा

ता. क. : मुखत्यारपत्र इथल्या भारतीय वकिलातीत सही-शिक्का करून कुरियरने टाकलंय. ते हाती पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं, पाकिटावरची तारीख जपून ठेवा. रिंगा वळवून घेतल्या की कॉलम ओतण्याआधी जवळून फोटो पाठवायला हिला सांगा, चारही बाजूंनी.