आईचा गुडघा आणि गोंयचो सायब

प्रिय रेमंड्या,

आठ महिने पत्र नाही, तुझे दोन फोनही उचलले नाहीत. शिव्या घातल्या असशील, अजून घाल. तब्येत ठीक, साखर आहे तिथेच आहे.

घरात हे बोलायची सोय नाही म्हणून तुला लिहितोय. डिसेंबरात आईला जुन्या गोव्याला सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, म्हणजे गोंयच्या सायबाच्या, शवप्रदर्शनाला नेलं होतं. तिचाच हट्ट. से कॅथेड्रलमध्ये काचेपाशी जेमतेम चार सेकंद मिळाले. आई गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटली. घरी आल्यावर म्हणाली, "जरा हलकं वाटतंय." गोळ्या चालूच होत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याचं "दुखणं गेलं" झालं. पाडव्याला "डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलेलं, सायबाने टाळलं." आईला ऑपरेशन कुणीही सांगितलं नव्हतं, फाइल माझ्याच कपाटात आहे. परवा मावशीने विचारलं, "तू होतास ना रे तिथे?" आणि मी मान हलवली!

हॉस्टेलच्या गच्चीवर सायबाच्या चमत्कारांवरून "साक्षीदार किती, कधीचे, कितपत जवळचे" म्हणून तुझी उलटतपासणी घेणारा मी, आज स्वतःच साक्षीदार. तेव्हा तू रेड्याच्या वेदांचं आणि चालत्या भिंतीचं काढलंस आणि मी दोन दिवस अबोला धरला. तुझं बरोबर होतं. बाक्रेने मात्र उगाच काडी घातली.

या अपराधापोटी झेवियरची पत्रं वाचायला घेतली. १५४९ च्या नोव्हेंबरात तो जपानमधल्या कागोशिमाहून लिहितो की लोक आमच्याबद्दल बोलत असतात आणि भाषा येत नाही म्हणून आम्ही पुतळ्यासारखे गप्प. १५५२ मध्ये गेला, १६२२ मध्ये संत झाला, आणि संतपदाच्या फर्मानात त्याला परक्या भाषांचं वरदान! सत्तर वर्षांत पुतळा बोलायला लागला. खोटं बहुधा कुणीच बोललं नाही. आई तरी कुठे बोलतेय?

झेवियरचा समुद्रात पडलेला क्रूस खेकड्याने परत आणून दिला, त्याची साक्षही अशीच कित्येक दशकांनी झालेली. (तो खेकडा मालवणात निघाला असता तर क्रूस वाळूत आणि खेकडा कालवणात.)

शरीराचं मात्र तसं नाही, इथे तुला गुण देतो. चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर चुन्यात पुरलेलं, अडीचेक महिन्यांनी उकरलं तर कुजलेलं नाही. मग मलाक्का, आणि १५५४ च्या मार्चमध्ये गोवा. पाहणाऱ्यांनी तेव्हाच सांगून ठेवलंय, ती साक्ष मला झटकता येत नाही. पण त्यांनी पाहिलं ते न कुजलेलं शरीर. ते का कुजलं नाही हे कुणाच्याच डोळ्यांना दिसलेलं नाही. मला काचेतून दिसलं ते वाळून आक्रसलेलं. उजवा हात तर १६१४ मध्येच रोमला गेलाय.

एवढ्यावर थांबलं असतं तर आईचा गुडघा आईला लखलाभ म्हणून सोडून दिलं असतं. पण मावशीला डॉक्टरांनी ऑपरेशन खरंच सांगितलंय, आणि माझी मान हलल्यापासून तिने तारीख घ्यायचं सोडलंय. मे महिन्यात गोव्याला जायचं म्हणते. खरं सांगावं तर आई तिच्या बहिणीसमोर खोटी पडते. तीन रात्री धड झोप नाही.

धाकटीचं लग्न ठरलं म्हणे, अभिनंदन! तारीख कळव. वाडीतली केळी यंदा कशी आहेत? पप्पांना नमस्कार.

आणि एक कर. मावशीला तूच फोन कर. सायब ऑपरेशनच्या आड येत नाही असं सांग. माझं ती ऐकायची नाही, मी नास्तिक. तू म्हणजे सायबाच्या घरचा माणूस.

तुझा,
सुध्या